आधी जमिनीची क्षमा

मागच्या अंकात ‘शास्त्रीय नृत्य आणि धर्म’ या विषयावर तुमचे प्रश्न मागवले होते. ठाणे, नवी मुंबई, डोंबिवली अशी सगळीकडून पत्रं आली. सगळ्यांना उत्तर देणं एका अंकात शक्य नाही, म्हणून वेगवेगळ्या बाजूंनी आलेली सहा निवडली आहेत. मी नौपाड्यात एकतीस वर्षं भरतनाट्यम् शिकवते आहे. उत्तरं त्याच जागेवरून दिली आहेत, हे ध्यानात ठेवून वाचा.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. शाळेच्या गॅदरिंगला भरतनाट्यम् पाहिल्यापासून तिला तेच शिकायचं आहे. आम्ही मुस्लिम आहोत. घरातल्या मोठ्यांची नाचाला हरकत नाही, पण क्लासमध्ये मूर्तीसमोर वाकावं लागतं, श्लोक म्हणावे लागतात, हे त्यांना पटत नाही. काय करू? – एक आई, कौसा (मुंब्रा)

नाचाआधीचा तो नमस्कार नेमका काय असतो ते आधी सांगते, कारण पुष्कळांनी तो लांबून पाहिलेला असतो. मुलगी पाय जुळवून उभी राहते. एकदा उजवा पाय वाजवते, एकदा डावा. मग गुडघे बाहेर वळवून पूर्ण खाली बसते, बोटांची टोकं जमिनीला लावते, ती डोळ्यांकडे नेते आणि उठते. उठताना हात डोक्यावर, कपाळासमोर आणि छातीशी असे तीनदा जुळतात: देवाला, गुरूला आणि समोर बसलेल्यांना. जमिनीला हात कशासाठी? आता तास-दीड तास आपण तिला पायांनी बडवणार आहोत, त्याची आधीच क्षमा मागायची म्हणून. पहिलवान आखाड्याची माती कपाळाला लावतो, तशातलीच ही गोष्ट.

पण हे इतकंच आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. त्याबरोबर जो श्लोक म्हणतात, त्यात पृथ्वीला ‘विष्णुपत्नी’ म्हटलंय. त्यानंतर येणारा ‘आंगिकं भुवनं यस्य’ हा ध्यानश्लोक शिवाचा आहे: सगळं जग हेच ज्याचं शरीर, सगळं वाङ्मय हीच ज्याची वाणी, चंद्रतारे हेच ज्याचे दागिने. तुमच्या घरच्यांना जे खटकतंय ते खरंच तिथे आहे. ‘त्यात काही धार्मिक नाही हो, नुसता व्यायाम समजा’ असं सांगून एखाद्या क्लासने प्रवेश दिला, तर दोन-तीन वर्षांनी शिव, कृष्ण, मुरुगन (आपला कार्तिकेय) येतील तेव्हा तुम्हाला फसवल्यासारखं वाटेल. म्हणून फी भरायच्या आधी शिक्षिकेशी मोकळेपणाने बोला. पहिली दीड-दोन वर्षं मुख्यतः अडवूच असतात, म्हणजे नाचाचे मूळ पदन्यास. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं खाली, बसायचं आणि लाकडी ठोकळ्यावर काठी पडेल तसा पाय टाकायचा. ‘तै या तै’ला धर्म नसतो. नंतर कथा येतात, तेव्हा मुलगी यशोदा ‘होते’, नट राजा होतो तशी. श्लोकाच्या वेळी ती शांत उभी राहिली तर चालेल का, मूर्तीसमोर न वाकता नुसता जमिनीला हात लावला तर चालेल का, हे सरळ विचारा. माझ्याकडे चालतं. न चालणाऱ्या शिक्षिकाही आहेत. त्या वाईट आहेत असं नाही, पण तुमच्या मुलीसाठी नव्हेत.

कथकलीतले गायक कलामंडलम हैदरअली (१९४६–२००६) यांचं नाव घरच्यांना जरूर सांगा. मुस्लिम घरातला मुलगा केरळ कलामंडलम या कलासंस्थेत कथकलीचं गाणं शिकला आणि जन्मभर राम-कृष्ण-नल-दमयंतीची पदं गायला. लोक त्याच्या आवाजासाठी रात्र रात्र बसत. आणि मंदिराच्या आत खेळ असला की त्याला तिथे गाता येत नसे. या कलेने त्याला पोटाशी धरलं आणि दारातही अडवलं. दोन्ही तुम्हाला माहीत असलेलं बरं.

दाराशी अडवण्यात मीही सामील झाले आहे. १९९७ साली राबोडीतून एक मुलगी माझ्याकडे यायची. लयीला इतकी पक्की की काठी हातात असून मी तिच्या पायांवर ताल धरायचे. एका सोसायटीच्या गणेशोत्सवात आमचा कार्यक्रम ठरला आणि आदल्या दिवशी आयोजकांपैकी एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘ती एक मुलगी नसली तर बरं, उगाच चर्चा नको.’ मी ‘बरं’ म्हटलं. तिला सांगितलं, तू कॅसेट सांभाळ. दहा वर्षांची पोर पडद्यामागे टेपरेकॉर्डरशेजारी पूर्ण पोशाखात बसली, कारण आईने आदल्या रात्रीच साडीचा पोशाख इस्त्री करून ठेवला होता. मी नटुवांगम् (ताल धरायची झांज) धरून विंगेत उभी होते, तिथून मला तिचे पाय दिसत होते. बसल्या जागी टाचा पूर्ण अलारिपू, म्हणजे कार्यक्रमातला पहिला नाच, करत होत्या, एक मात्रा न चुकता. पुढच्या वर्षी त्याच मंडळाला मी नाही म्हटलं, पण ती संध्याकाळ काही परत करता आली नाही. तुमच्या मुलीला क्लासला घाला. आणि स्टेजवर ती कुठे उभी असेल, हेही पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

मी सतरा वर्षांची आहे. डिसेंबरमध्ये माझं अरंगेत्रम् (रंगमंचावरचा पहिला पूर्ण कार्यक्रम) आहे. त्यातली मुख्य, मोठी रचना म्हणजे वर्णम्. वर्णम्‌मधली नायिका शंकराच्या विरहात तळमळते, अंथरुणावर कूस बदलते, सखीला ‘त्याला घेऊन ये’ म्हणते. आजी तालीम बघायला आली आणि म्हणाली, ‘हे देवाचं आहे की भलतंच काही?’ ती भजनी मंडळात जाते, खूप धार्मिक आहे. आता मला ते करताना लाज वाटते. त्याऐवजी भजन घेऊ का? – नेरूळ

अगं, भजन मुळीच घेऊ नकोस. आणि आजीला आधी एवढंच विचार की त्यांच्या भजनी मंडळात ज्ञानेश्वरांच्या विरहिण्या म्हणतात की नाही. म्हणत असणारच. त्यातली ती बाई कान्ह्यासाठी कशी पोळते, तिला चंदन कसं सोसवत नाही, हे आजीला तोंडपाठ असेल. तुझी नायिका तीच आहे, फक्त भाषा तेलुगू किंवा तमिळ आहे आणि आजीला ती कळत नाही. तामिळनाडूत संत कवयित्री आंडाळने हेच केलं, आपल्याकडे ज्ञानदेवांनी पुरुष असून केलं. देवाला मालक, बाप, आई म्हणतात तसंच प्रियकरही म्हणतात, आणि ही भक्तीची जुनी वाट आहे.

पण तुझ्या आजीच्या मनात आलेला प्रश्न नव्वद वर्षांपूर्वी मद्रासेतही आला होता, आणि त्यातूनच आज आपण शिकतो ते भरतनाट्यम् घडलं. ते तुला माहीत असायला हवं.

तंजावरचं बृहदीश्वराचं मंदिर १०१० च्या सुमारास पूर्ण झालं. राजराजा चोळाने तिथे ठिकठिकाणच्या मंदिरांतून सुमारे ४०० नर्तकी आणून वसवल्या. भिंतीवरच्या शिलालेखात त्यांची नावं आहेत, कोण कुठल्या मंदिरातून आली ते आहे, कुणाला कितवं घर ते आहे. या बायकांचं लग्न देवाशी लागलेलं, म्हणून त्यांना वैधव्य नाही. देव त्यांच्यासाठी खरोखरच ‘नवरा’ होता. तुझ्या वर्णम्‌मधलं ते ‘त्याला घेऊन ये’ अशा बायकांच्या तोंडचं आहे. पुढे शतकं गेली, राजे गेले, आश्रय आटला, शोषण वाढलं. मग सुधारकांची चळवळ उभी राहिली. आपल्या मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ साली झाला, मद्रासेत मुली देवाला वाहण्यावर बंदी १९४७ साली आली. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला, आणि मुली वाहणं थांबणं आवश्यकच होतं, यात मला शंका नाही. पण त्याच झपाट्यात ज्यांनी नाच सांभाळला होता त्यांच्याच पायातले घुंगरू सुटले, आणि ते आमच्यासारख्या घरांतल्या मुलींच्या पायात आले. मी ज्या कलेवर पोट भरते ती मला अशी मिळाली आहे, हे मी माझ्या प्रत्येक विशारदच्या बॅचला सांगते.

नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३५ साली मद्रासेत अड्यारला जाहीर कार्यक्रम केला आणि १९३६ मध्ये कलाक्षेत्र ही संस्था काढली. ‘चांगल्या घरच्या’ मुलींना ही कला खुली व्हावी म्हणून त्यांनी जे केलं त्यात शृंगाराची बरीच छाटणी झाली आणि भक्ती वर आली. बालसरस्वती (१९१८–१९८४) या देवदासी परंपरेतल्या नर्तकी. त्यांना ही छाटणी मान्य नव्हती. शृंगार शुद्ध करायची गरजच नाही, तोच सगळ्यात वरचा भाव आहे, असं त्यांचं म्हणणं. १९७५ साली मद्रासेत एका भाषणात त्यांनी भरतनाट्यम्‌च्या कार्यक्रमातल्या रचनांच्या क्रमाची मंदिराशी तुलना केली. अलारिपू म्हणजे गोपुर, जतिस्वरम् अर्धमंडप, शब्दम् मोठा मंडप आणि वर्णम् म्हणजे देवाच्या आवारात पाऊल. त्यानंतरचं पदम्, सगळी वाद्यं हळू होतात ते, गाभाऱ्यातलं. बघ, ज्या शृंगाराला लोक देवळाबाहेर काढू पाहत होते तो बालसरस्वतींनी गाभाऱ्यात नेऊन ठेवला.

माझ्या मते बालसरस्वती बरोबर होत्या. माझ्या गुरूंनी मला शृंगार शिकवला तो नजर खाली ठेवून, लवकर आटपून. तिशी उलटेपर्यंत मी तसाच केला. समोरच्याला तो ‘सोज्वळ’ वाटायचा आणि मला पोकळ.

आता लाजेचं. लाज वाटते कारण तू अजून ‘दाखवते’ आहेस. कूस बदलण्याची ओळ सात-आठदा येते ना? प्रत्येक वेळी तळमळ दाखवू नकोस. पहिल्यांदा नुसतं दाराकडे बघ. दुसऱ्यांदा पावलांचा आवाज आल्यासारखं वाटू दे, आणि तो शेजारच्यांकडे गेला. तिसऱ्यांदा दार नको, समईकडे बघ. तेल संपत आलंय, म्हणजे रात्र किती झाली ते प्रेक्षकाला कळेल. चौथ्यांदा केसातलं फूल काढ, हुंगू नकोस, फक्त बाजूला ठेव. असं एकेक सापडत गेलं की लाजेला जागाच उरत नाही. आणि डिसेंबरच्या आधी एक दिवस साध्या सलवार-कमीजमध्ये, मेकअपशिवाय, स्वयंपाकघरात आजीसमोर तेवढा भाग कर. आधी ओळीचा अर्थ मराठीत सांग. मग बघ ती काय म्हणते, आणि मला कळव.

मी नास्तिक आहे. मुलगी क्लासला जाते ते मला आवडतं, पण घरी येऊन सारखं कृष्ण-यशोदा, गणपती, देवी. देव वगळून हा नाच शिकता येत नाही का? – ऐरोली

निम्मा येतो. अलारिपू, जतिस्वरम्, तिल्लानाचा मोठा भाग यात शब्दच नाहीत किंवा नावापुरते आहेत. ते शरीर आणि लय यांचं गणित आहे, तुम्ही इंजिनिअर असाल तर तुम्हाला ते फार आवडेल. मुलीला विचारा, तिस्र म्हणजे काय आणि खंड म्हणजे काय, पाच मात्रा आठात कशा बसवतात. नृत्यांगना चंद्रलेखा यांनी तर १९८५ साली ‘अंगिका’ ही नृत्यरचना बसवताना पुराणकथा पूर्ण बाजूला ठेवल्या. योग, कलरी (केरळची युद्धकला) आणि अडवू यांतून शरीराचीच गोष्ट सांगितली. त्याही याच मातीतल्या, रीतसर अरंगेत्रम् केलेल्या.

उरलेल्या निम्म्याबद्दल मात्र तुमचं-माझं जमणार नाही. देव म्हणजे वरून भुरभुरलेली कोथिंबीर नव्हे, बाजूला काढली आणि खाल्लं असं व्हायला. हातांच्या मुद्रा, उभं राहण्याच्या तऱ्हा, ताल धरणाऱ्याची जागा, सगळं त्या कथांच्या अंगाने वाढलंय. पण त्या कथा काय करतात ते बघा. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात पहिल्या नाटकाची हकीकत आहे. देवांनी असुरांना हरवल्याचा खेळ लावला, असुर चिडले आणि त्यांनी तो मोडला. तेव्हा ब्रह्मदेव असुरांना समजावतो की हे नाट्य एकट्या देवांचं नाही आणि तुमचंही नाही, तिन्ही लोकांच्या भावांचं हे अनुकीर्तन आहे. दुःखाने, श्रमाने, शोकाने थकलेल्यांना विसावा देईल असं हे असेल. म्हणजे प्रेक्षकांच्या भावना दुखावून खेळ बंद पडण्याची गोष्ट आमच्या शास्त्राच्या पहिल्या पानावर आहे, आणि तिथलं उत्तर ‘प्रवेश कापा’ असं नाही.

तुमची मुलगी यशोदा करते तेव्हा समोर बसा. कृष्णाला उखळाला बांधायला दोरी दोन बोटं अपुरी पडते, ती आणखी दोरी आणते, पुन्हा दोन बोटं अपुरी. पुराणात याचा अर्थ वेगळा आहे. नऊ-दहा वर्षांची पोर मात्र ते करताना तुमची बायको ऑफिसला निघताना मुलाच्या मागे पळते ना, तशीच दमते. मी पाहिलंय. त्यासाठी देव मानावाच लागतो असं नाही. तिला मात्र मधेच थांबवू नका.

भरतनाट्यम् शुद्ध मंदिरातलं आणि कथक मोगलांमुळे बाटलेलं, म्हणून नातीला कथकला घालू नये असं माझं मत आहे. आपण काय सांगाल? – ज्येष्ठ वाचक, डोंबिवली

काका, नातीला कथक आवडत असेल तर कथकलाच घाला. ‘कथक’ हा शब्दच कथेवरून आला, देवळांच्या आवारात कथा सांगणारे ते कथक. त्यातला ‘आमद’ हा शब्द फारसी, त्याचा अर्थ येणं. ‘सलामी’ दरबारातली. लखनौचा नवाब वाजिद अली शाह याने गादीवर यायच्या आधीच, १८४३ साली, राधा-कन्हैयाचा खेळ स्वतः लिहून बसवला. त्याच लखनौ घराण्यातल्या बिंदादीन महाराजांच्या ठुमऱ्या कृष्णाच्याच आहेत. त्यातून नेमकं काय गाळायचं ते मला सांगता येणार नाही.

आणि ‘शुद्ध मंदिरातल्या’ भरतनाट्यम्‌बद्दल. अलारिपूपासून तिल्लानापर्यंतचा जो क्रम आपण आज पाहतो, तो लावला चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार भावांनी. कुणाच्या दरबारात? तंजावरच्या भोसल्यांच्या! व्यंकोजीराजांच्या वंशातले दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८–१८३२) यांच्या पदरी हे भाऊ होते. सरफोजींनी स्वतः नाचासाठी मराठीत निरूपणं लिहिली. म्हणजे या नृत्यात देऊळ आहे तसा दरबारही आहे, आणि तो दरबार मराठी बोलणारा होता. मराठी माणसाने हे अभिमानाने सांगावं. मला तर ते माहीत व्हायला क्लास सुरू करून दहा वर्षं लागली, आणि एकदा बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरलेली भोसल्यांची वंशावळ वाचताना माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

कार्यक्रमात स्टेजवर नटराजाची मूर्ती नसली तर चालते का? – कोपरखैरणे

चालते. देवळात नाच होता तेव्हा देव तिथे होताच, दरबारात मूर्ती नसे. रंगमंचाच्या कोपऱ्यात नटराज ठेवण्याची पद्धत मुख्यतः रुक्मिणीदेवींपासून रुळली, म्हणजे ती जेमतेम नव्वद वर्षांची. मी ठेवते, कारण मला आवडतं. ठेवलीत तर तिच्यापुढे पाण्याच्या बाटल्या आणि मोबाइल ठेवू नका, गडकरी रंगायतनच्या विंगेत हे नेहमी दिसतं.

क्लासच्या मुलांना मे महिन्यात तंजावर-चिदंबरमला नेणं परवडत नाही. जवळपास काही पाहण्यासारखं आहे का? – नृत्यशिक्षिका, कल्याण

तुमच्या तर दाराशीच आहे. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं, शिलाहारांचं. बाहेरच्या भिंतींवरून सकाळी लवकर मुलांना हळूहळू फिरवा. दुपारी काळ्या दगडावर काही दिसत नाही.

आणि एकदा घारापुरीला जाच. सोमवारी लेणी बंद असतात, आणि पावसाळ्यात होड्यांचा भरवसा नाही, म्हणून थंडीत जा. मुलांना उत्तरेच्या मुख्य दारातून आत न्या आणि तिथेच थांबवा. डाव्या हाताला योगेश्वर शिव, मांडी घालून निश्चल बसलेला. उजव्या हाताला नटेश, नाचणारा. समोरासमोर. सगळी मुलं त्रिमूर्तीकडे धावतात, त्यांना आधी या दोघांच्या मधे उभं करा आणि काही समजावू नका.

नटेशाचे हात बहुतेक तुटलेत, पायही. पाच वर्षांपूर्वी मी तेरा मुलींना नेलं होतं. प्रत्येकीला सांगितलं की कमरेचा बाक बघा, मान बघा आणि सांगा पाय कुठे होता. कुणी म्हणालं उचललेला, कुणी म्हणालं जमिनीवर टेकलेला. सगळ्यात लहान होती ती काही बोललीच नाही. चप्पल काढून तिथल्या गार दगडावर उभी राहिली, कंबर त्याच्यासारखी वळवली, उजवा गुडघा उचलायला लागली आणि तोल जाऊन पडली. मग पुन्हा उभी राहिली. या वेळी हात आधी पसरला, तो तुटलेला मोठा हात छातीवरून जिथे जायला हवा होता तिथे. पाय आपोआप आला. आम्ही बाकीच्या बारा जणी आणि मी, कुणी काहीच बोललो नाही. बाहेर पडताना तिने खाली वाकून दगडाला बोटं लावली, डोळ्यांना लावली आणि चप्पल घातली.